वजा पंधरा

जयम्माचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. आमच्याकडे फोन आत नेत नाहीत, बाहेरच्या खणात ठेवावा लागतो. त्यामुळे तो किती वेळ वाजत होता कुणास ठाऊक. काम संपवून बाहेर आलो तर पडद्यावर तिच्याच नावाची रांग लागलेली. उलट फोन केला. पलीकडून लहान मुलांचं रडणं ऐकू येत होतं, म्हणजे लसीकरणाचा दिवस असणार. "अण्णा, स्वल्प बेग बन्नी," एवढंच ती म्हणाली. जरा लवकर या. जयम्मा एरवी खणखणीत बोलणारी बाई. त्या दिवशी तिचा आवाज इतका खाली गेला होता की काय झालं, हे विचारणं माझ्यानं झालं नाही.

माझी मोठी बहीण विजया, आमची अक्का, बेंगळुरूच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. जयम्मा तिची तिथली सहकारी. त्या सकाळी अक्कानं एका बाळाला लस टोचली, त्याच्या आईला "ताप आला तर घाबरू नकोस, अंगावरचे कपडे कमी कर" असं सांगितलं, पुढच्या बाळाचं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाली, "जयम्मा, माझं डोकं फार दुखतंय गं." मग स्टुलावर बसली. बसली ती बसलीच… मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही, आणि दोन-तीन दिवसांत गेली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रक्तदाब भयंकर वाढलेला होता, आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा असावा. "त्या स्वतः नर्स होत्या ना? घरात कुणालाच माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. आयुष्यभर तेवढंच नीट जमलं आहे.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. तिच्यावर लिहा, असं इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं. तिचं कौतुक लिहिणं कठीण नाही. बाई कौतुकाचीच होती. पण नुसतं कौतुक लिहून थांबलो तर ते अर्धं खोटं होईल. म्हणून भाची ऋता, अक्काची मुलगी, तिला विचारून हे लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही. पण सगळं लिही, मामा."

आमचे बाबा सांगलीहून इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि राजाजीनगरात राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. मला दोन्ही भाषा येत होत्या आणि दोन्हींत बोलता येत नव्हतं. आई बेकरीत पाठवायची तेव्हा मी काउंटरसमोर पैसे मुठीत धरून उभा राहायचो, मोठी माणसं माझ्या डोक्यावरून हात घालून पाव घेऊन जायची, आणि मी तसाच. मग मागून अक्का यायची. "ई हुडुगनिगे बन कोडी!" या पोराला बन द्या! सगळी बेकरी वळून बघायची. बाहेर आल्यावर मला म्हणायची, "तुझ्या वाटचं पण मीच बोलते, म्हणून माझा घसा बसतो." ती थट्टा होती, पण खरंही तेच होतं. शाळेत बाकावरून तक्रार करायची असो की बाबांकडे सहलीची परवानगी मागायची असो, माझ्या वतीनं ती बोलली. माझं लग्नसुद्धा तिनंच ठरवलं. पुण्याच्या मंडळींपुढे मी पोहे खात बसलो आणि ती माझ्याबद्दल इतकं बोलली की शेवटी मेधाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा बोलतो ना?" अक्का म्हणाली, "लागेल तेवढं बोलतो. अजून लागलेलं नाही."

नर्स व्हायचं तिनं ठरवलं तेव्हा सांगलीहून आत्या मुद्दाम आली होती. "चांगल्या घरातली मुलगी तू. लोकांची बेडपॅन उचलणार?" असं आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं. अक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं उचलायची वेळ आली तर मीच येईन आत्या, काळजी करू नकोस." आत्या दोन दिवस रुसली. पण पुढे कितीतरी वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची मुलं-सुना बाई शोधत बसली आणि अक्का रजा टाकून सांगलीला गेली. शेवटचे सगळे दिवस तिनंच काढले. परत आली तेव्हा मी विचारलं, आत्या काही म्हणाली का. "म्हणाली ना. म्हणाली, तुझा हात हलका आहे. मी म्हटलं, जीभ जड आहे म्हणून देवानं हात हलका दिला."

भावोजी लवकर गेले. ऋता तेव्हा शाळेत होती. त्यानंतर अक्का रडताना मी पाहिली नाही. कामात मात्र अधिक बुडाली. आरोग्य केंद्राच्या कामात एक गोष्ट असते, जी मोठ्या इस्पितळात नसते. तिथे रोगी यायची वाट बघून चालत नाही, त्याच्या दारात जावं लागतं. अक्काला ते मनापासून आवडायचं. गल्लीतल्या रिक्षावाल्यांचं, गॅरेजवाल्यांचं बीपी बघत ती फिरायची. एकदा तिला सोडायला गेलो होतो, तेव्हाचं संभाषण मला शब्दशः आठवतं. एक रिक्षावाला म्हणाला, "सिस्टर, मला काहीच होत नाही. डोकंसुद्धा दुखत नाही." अक्का म्हणाली, "दुखत नाही म्हणून तर मी आले तुझ्याकडे. दुखलं असतं तर तूच आला असतास ना!" त्यानं निमूटपणे बाही वर केली.

केंद्राच्या दारातल्या फूलवालीचं तर ठरलेलंच होतं. तिच्या गोळ्यांची पट्टी फुलांच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली असायची. सकाळी अक्का मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घ्यायची आणि विचारायची, "गोळी?" "घेतली अक्का." "पट्टी दाखव." पट्टीत गोळी तशीच असायची. मग फूलवाली हसत हसत सांगायची, "आता बीपी बरं झालंय अक्का, कशाला रोज रोज?" त्यावर अक्का म्हणायची, "बरं झालेलं नाही, झोपलंय. ही गोळी म्हणजे त्याची अंगाई. बंद केलीस की उठून बसेल." आणि ती गोळी गिळेपर्यंत गजऱ्याचे पैसे द्यायची नाही. फूलवाली आहे अजून, ठणठणीत. तेराव्याला ती टोपलीभर फुलं घेऊन आली होती…

पण अक्काचं खरं मोठेपण मला वाटतं वेगळ्याच गोष्टीत होतं. गावभराचं बीपी बघणाऱ्या नर्सांचं बीपी कोण बघतं, हा प्रश्न तिला पडला. केंद्रातल्या बायकांचा दिवस तिनं मला एकदा सांगितला होता. घरचा स्वयंपाक करून बस पकडायची, आल्या आल्या रांग. जेवायला चार वाजतात. तेही चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, आणि लोणचं, कारण ते टिकतं. वस्तीत लसीकरणाला गेलं की जायला बाथरूम नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. घरी आलं की मोबाइलवर माहिती भरायची, ती भरली नाही की वरून विचारणा. मध्यंतरी साथीच्या काळात तर रविवारसुद्धा उरले नाहीत. "आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणींचं बीपी चढलेलं असणार, बघ तू," ती म्हणाली होती. "आणि एकीलाही माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही."

म्हणून तिनं सोमवारची पद्धत सुरू केली. बाहेरचं दार उघडण्याआधी आतल्या बाकावर सगळ्या जणींनी ओळीनं बसायचं आणि एकमेकींचं बीपी बघायचं. सबबींना ऊत यायचा. त्या सबबी अक्का रविवारी आमच्याकडे जेवायला आली की आवाज काढून ऐकवायची. एकजण म्हणाली, "आत्ता बसमागे पळत आले, आत्ता नको." "मग बस पाच मिनिटं. बस पुढे गेलीय, तुझं बीपीही येईल जाग्यावर." जयम्मा म्हणाली, "काल मुलीच्या सासरचे आले होते, त्यानं वाढलं असेल." "ते परत गेले ना? मग त्यांनी आणलेलं बीपीही घेऊन गेले असतील. हात पुढे कर!" जयम्माचा आकडा इतका वर होता की अक्कानं तिला त्याच पावली आतल्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. जयम्मा तेव्हापासून गोळी घेते. आणखी दोघीतिघी घेतात. या बायका आज उभ्या आहेत त्या अक्काच्या त्या दांडगाईमुळे, असं त्या स्वतःच सांगतात.

तिच्या स्वतःच्या पाळीला काय व्हायचं? हे मला नंतर कळलं. आकडा जास्तच यायचा. ती म्हणायची, "इथे रांग बघून वाढतं. घरी बरोबर असतं."

तिच्या घरी एक मशीन होतं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडा समोर. आमची आई आजारी होती तेव्हा अक्कानं आणलेलं. आई गेल्यावरही ते जेवणाच्या टेबलावर राहिलं आणि रविवारी सकाळी इमारतीतले लोक बीपी बघून घ्यायला येऊ लागले. आता मी माझ्या कामाविषयी सांगायला हवं. मी मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करतो. कारखान्यातला प्रत्येक दाबमापक, प्रत्येक वजनकाटा ठरावीक काळानं आमच्याकडे येतो. आम्ही तो प्रमाण उपकरणाशी ताडून पाहतो आणि त्यावर हिरवं स्टिकर लावतो. उपकरण जास्त किंवा कमी दाखवत असेल तर किती वजा करायचं, किती मिळवायचं, ते त्या स्टिकरवर लिहून खाली सही करतो. ते स्टिकर असलं की कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. न तपासता स्टिकर लावणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात हीन गोष्ट. माझ्या हाताखालच्या एका मुलानं एकदा ते केलं होतं, तर मी, कधी न बोलणारा माणूस, त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं.

दोनेक वर्षांपूर्वी अक्का ते मशीन पिशवीत घालून आमच्याकडे आली. "श्रीधर, हे जास्त दाखवतंय असं वाटतं. तुझ्या त्या थंड खोलीत नेऊन बघ जरा." मी 'सरी' म्हटलं, म्हणजे बरं. घरातली वस्तू प्रयोगशाळेत न्यायची तर साहेबांना विचारावं लागतं. विचारलं असतं तर ते लगेच हो म्हणाले असते, सज्जन माणूस. पण विचारणं म्हणजे त्यांच्या खोलीत जायचं, उभं राहायचं, वाक्य जुळवायचं… उद्या विचारू, असं करत ते मशीन आमच्या चपलांच्या कपाटावर पडून राहिलं. मेधा रोज ते उचलून खालची धूळ पुसायची. ते घराबाहेर गेलंच नाही, हे तिला माहीत होतं. पण तिनं विचारलं नाही. न विचारण्याची रीत आमच्या घरात माझ्यामुळेच पडली आहे.

मग एका संध्याकाळी अक्का ते न्यायला आली. ड्यूटीवरून थेट आली होती. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा पायात रुतलेला. खुर्चीत बसता बसताच तिनं विचारलं, "झालं का रे?"

"झालं," मी म्हणालो.

नुसती लाज वाटली म्हणून म्हणालो. इतके दिवस ठेवून घेतलं आणि केलं नाही, हे सांगायची लाज. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिनं पुढे विचारलं, "मग? दाखवतं ना जास्त?" आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की… तिला 'हो' ऐकायचं होतं. जन्मभर जिनं माझ्या वतीनं बोलून मला सोडवलं, तिला हवं ते एक वाक्य आपण बोलावं, असं काहीतरी माझ्या मनात आलं असेल. आज मी त्याला चांगलं नाव देऊ पाहतोय. तेव्हा मी फक्त म्हणालो, "हो. पंधरा जास्त दाखवतं."

"मला वाटलंच!" ती केवढ्यानं म्हणाली! "तुझं ते स्टिकर लाव त्याला. नाहीतर जयम्मा माझा जीव खाईल."

माझ्या ऑफिसच्या बॅगेत स्टिकरं होती. मी एक काढलं, त्यावर 'वजा १५' लिहिलं, तारीख घातली, सही केली. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मशीनच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवलं. मग चहा पिऊन, मेधाशी गप्पा मारून, हसतखेळत गेली.

त्यानंतर कधीतरी खरं सांगायला मला काय अडचण होती? काहीच नाही. साहेब तेच, प्रयोगशाळा तीच, बहीण दर रविवारी समोर जेवायला बसलेली. तिला आमटीत वरून मीठ घेताना मी पाहायचो. "अक्का, कसं आहे बीपी?" असं एकदा विचारलंही. "तुझं वजा करून एकदम व्यवस्थित!" ती म्हणाली. तुझं वजा करून… मी आमटी वाढून घेतली.

ती गेल्यावर दिवस झाले आणि पाहुणे पांगले. त्या रविवारी मी, ऋता आणि मेधा अक्काच्या घरी आवराआवर करत होतो. शेजारच्या कामाक्षीअम्मा आल्या, सवयीनं टेबलाजवळ बसल्या आणि मग एकदम ओशाळून उठायला लागल्या. ऋता म्हणाली, "बसा ना. मी बघते." तिनं त्यांना पट्टा बांधला, आकडा सांगितला. त्या गेल्यावर सहज म्हणून तिनं स्वतःच्या दंडाला बांधला. ऋता व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिशीतली मुलगी, परदेशातल्या लोकांच्या वेळेवर काम करते, झोपेचा पत्ता नाही. मशीन थांबलं. "एकशे बावन्न," ती म्हणाली. आणि लगेच, "म्हणजे एकशे सदतीस. ठीक आहे, चालतंय."

माझ्या हातातली साड्यांची चळत तशीच राहिली. "तू… वजा करतेस?"

"मग? तूच नाही का लिहिलंयस?" तिनं मशीन उलटं करून मला माझी सही दाखवली. "आई मला नेहमी सांगायची, आपलं मामानं तपासलेलं आहे, घाबरू नकोस. मी हे आता माझ्याकडेच नेणार आहे."

अक्काच्या बाबतीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ही मात्र माझ्यासमोर बसली होती, आईचीच जिवणी, आईचंच रक्त, आणि माझ्या सहीच्या आधारानं पंधरा वजा करून निश्चिंत. तरीही त्या क्षणी मी तिला खरं सांगितलं नाही. म्हणालो, "यंदाची तपासणी राहिली आहे. मी घेऊन जातो, मग तुला देतो." असा मी.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. एका वाक्यात परवानगी मिळाली. मशीन प्रमाण दाबमापकाला जोडलं आणि एकेक दाब देत गेलो. ते अचूक होतं. इतकं अचूक की आमच्या काही महागड्या उपकरणांनाही ते जमत नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी म्हणाला, "सर, छान आहे हो हे. कुठलं?" मी म्हटलं, "बहिणीचं."

त्याच दिवशी परतताना आरोग्य केंद्रावर गेलो आणि जयम्माला सगळं सांगितलं. ऋतापेक्षा तिला सांगणं सोपं जाईल, असं वाटलं होतं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "अण्णा, अक्काला माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला? तीस वर्षं स्वतःच्या हातांनी बीपी बघितलं तिनं. कामाक्षीअम्मांना विचारा, त्यांचा आकडा ती कधी वजा करून सांगायची का. एकदाही नाही. म्हणायची, लोक डॉक्टरकडे उगाच गेले तर चालेल, जायचं राहिलं तर चालणार नाही. त्याच मशीनवर दुसऱ्यांचा आकडा खरा आणि तिचा तेवढा खोटा! गोळी सुरू केली की आपणही पेशंट झालो, मग यांच्यावर ओरडणार कोण, असं होतं तिचं."

मला जरा हलकं वाटलं असावं, कारण ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. जयम्मा लगेच म्हणाली, "पण अण्णा, तिला पकडायचं आमचं काम होतं. माझं तिनं पकडलं तसं. आम्ही पकडायला गेलो की ती सांगायची, माझ्या भावानं फॅक्टरीत तपासलंय, सही आहे. मग आम्ही काय बोलणार?"

हे दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही. अक्काला सबब हवी होती. सगळ्यांच्या सबबी मोडून काढणाऱ्या त्या बाईलाही एक हवी होती. जयम्माची सबब तिनं हसत हसत उडवून लावली. तिची उडवून लावायला कुणी नव्हतं, कारण ती मी सहीनिशी दिली होती.

त्या शनिवारी मी मेट्रोनं व्हाइटफील्डला गेलो. ऋतानं दार उघडलं, "अरे मामा, फोन नाही केलास?" मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं. मशीन चपलांच्या कपाटावर होतं इथपासून ते अचूक निघालं इथपर्यंत, सगळं. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नसेन. ती ऐकत होती. मग तिनं माझ्या हातातलं मशीन घेतलं, उलटं केलं आणि नखानं ते स्टिकर खरवडायला लागली. आईनं दाबून बसवलेलं, ते लवकर निघेना. तुकडे तुकडे निघत होते.

"साहेबांना विचारायचं होतं," ती म्हणाली. "एवढंच? एक प्रश्न?"

"हो."

"आणि मी पण…" तिनं वाक्य सोडून दिलं. एकशे बावन्न तिला आठवलं असणार. "तू आता जा मामा. आत्ता मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

मी निघालो. जिन्यात असताना वरून तिचा आवाज आला, "उद्या डॉक्टरकडे जाते मी!" त्यात राग होता, धमकी दिल्यासारखा. तसा गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

ती गेली डॉक्टरकडे. तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली, कामाच्या वेळा बदलून मागितल्या. हे मला मेधाकडून कळत होतं. माझ्याशी ती बोलत नव्हती. तिनं मला माफ करावं असं मी म्हटलेलं नाही, मनातही नाही. ती आकडा जसाच्या तसा वाचते आहे, याहून जास्त मागायला मला तोंड नव्हतं.

गेल्या रविवारी मात्र मेधाला निरोप आला, मामाला घेऊन आईच्या घरी ये. गेलो. टेबलाजवळच्या खुर्चीवर कामाक्षीअम्मा होत्या, मागे आणखी एक आजोबा. रविवारची सकाळ ऋतानं चालू ठेवली आहे. सगळे गेल्यावर तिनं मला खुर्ची दाखवली. "बस."

"मला काही होत नाही," मी म्हणालो.

"हात टेबलावर ठेव. बोलू नकोस."

पट्टा फुगायला लागला. अक्काची एक सवय होती, ती सांगायची राहूनच गेली. मशीन चालू असताना ती रोग्याच्या मनगटावर आपला तळवा ठेवून बसायची. त्याची काही गरज नसते. नाडी मशीनच मोजतं. मी तिला एकदा तसं म्हटलंही होतं, तर म्हणाली, "मशीन मोजतं रे. धरत नाही." ऋतानं बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत, तळवा माझ्या मनगटावर ठेवला. मशीन थांबलं तरी काही क्षण तो तिथेच होता. मग तिनं आकडा वाचला. बराच वर होता. रिक्षा मिळाली नाही, चालत आलो, जिना चढलो… माझ्या ओठांवर सगळं आलं.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"सरी," मी म्हणालो.